बऱ्हाणपुरातलं वाळवंट

अकोल्याच्या फलाटावर उभी होते तेव्हाच माझ्या मनात खोट होती, हे आधीच सांगून टाकते. बघणाऱ्याला वाटलं असतं, शाळेतली चित्रकलेची बाई सुट्टीत मैत्रिणीकडे निघाली आहे. हातात वळकटी, फिरकीचा तांब्या आणि चेहऱ्यावर प्रवासाचा आनंद. यातला आनंद तेवढा उसना होता.

झालं होतं असं. नागपूरच्या आमच्या चित्रकार मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. दालनात शिरताच समोर जी भिंत दिसते, तिच्यावर एकच मोठं चित्र मावतं. ती जागा या वर्षी माझ्या चित्राला मिळणार, असं सगळे धरून चालले होते. मी तर फारच धरून चालले होते. एवढ्यात मंडळाच्या कार्यवाहांना आठवलं, की सिंधू बऱ्हाणपूरला परत आली आहे. "ताराबाई, तुमची वर्गमैत्रीण ना? तुम्हीच जा आणि एक चित्र निवडून आणा. तुमच्या नजरेवर आमचा विश्वास आहे." माझ्या नजरेवर माझाही विश्वास होता. भीती होती ती नेमकी तिचीच.

सिंधू आणि मी मुंबईला एकाच वर्गात शिकलो. आमचे सर युरोप पाहून आलेले होते. त्यांनी आम्हाला घनवादाचं (वस्तूचे पैलू पाडून ती चारी बाजूंनी एकदम दाखवायची रीत) वेड लावलं. आम्ही किटल्या फोडल्या, सतारी फोडल्या, कोपऱ्यावरच्या पानवाल्याचंही तोंड कागदावर फोडलं. सर म्हणायचे, ताराच्या कडा सुरीसारख्या आहेत. सिंधूबद्दल असं काही म्हणायचे नाहीत. पुढे तिचं लग्न झालं. संस्थानं विलीन झाली तेव्हा तिकडचा कारभार सरकारी दप्तरात बसवायला तिच्या नवऱ्याची राजस्थानात बदली झाली आणि ही बाईसाहेब वाळवंटात जाऊन राहिली. त्या काळात मी अकोल्यात मुलींना कलश आणि आंबा काढायला शिकवत होते. देश एक होत होता, मोठी माणसं त्यावर भाषणं करत होती. माझ्या वाट्याला त्यातलं एवढंच आलं, की सिंधूला वाळवंट मिळालं आणि मला आंबा.

भुसावळला गाडी बदलली. पुढे रावेर गेलं आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी सुरू झाल्या. समोर एक ओव्हरसियर बसले होते. नेपानगरला कागदाची गिरणी उभी राहत होती, तिकडे निघाले होते. मी चित्रकार आहे म्हटल्यावर ते खूश झाले.

"मग आता कागदाची चिंता नाही तुम्हाला," ते म्हणाले. "ढीगभर कागद बनेल इथं."

"तो वर्तमानपत्राचा ना? त्यावर रंग पसरतो," मी म्हटलं.

"तर मग पसरेल असंच काढा ना काहीतरी," ते म्हणाले आणि केळं सोलू लागले. माझ्या सुरीसारख्या कडांची अशी वाट लावणारा माणूस मला त्या सकाळी मुळीच आवडला नाही.

बऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागेत आहे, गाव तिथून चांगलंच लांब. बाहेर टांगे उभे होते. एका टांगेवाल्यानं माझी वळकटी माझ्या आधीच वर चढवली.

"बसा ना बाई. शनवारा दरवाज्यापर्यंत सीधा नेतो. घोडा एकदम शरीफ आहे."

शरीफ घोडा अर्ध्या वाटेत केळीच्या पानांनी भरलेल्या बैलगाडीमागे लागला आणि आम्ही त्या गाडीबरोबर भलत्याच गल्लीत शिरलो. टांगेवाला त्याला हिंदीत शिव्या देत होता आणि मराठीत माझी माफी मागत होता. त्या गल्लीत मागांची खटखट घरोघर चालू होती. एके ठिकाणी भिंतीच्या कडेनं लांबच लांब सूत ताणलं होतं आणि माणसं त्याला खळ (पिठाची पातळ पेज) लावत चालली होती. एरवी मी उतरून स्केच काढलं असतं. त्या दिवशी मला फक्त एकच गोष्ट पाहायची होती आणि ती पाहायची मुळीच इच्छा नव्हती.

दारात सिंधूच्या सासूबाई उभ्या होत्या. "आली का वं बाई? ये, पानी पी पहिले. तुझी मैत्रीन वर आहे. दिवसभर रेतीच लेपत राहते. म्या म्हनलं, घराजवळ तापी आहे, केळी आहे, त्याचं काढ ना काही. नाही! हिले रेतीच पाहिजे."

मला ती म्हातारी एकदम आवडून गेली.

सिंधू जिना उतरून आली. केस विस्कटलेले, पदराला गेरू. मला मिठी मारली तेव्हा तो गेरू माझ्याही खांद्याला लागला. "किती वाळलीस गं!" म्हणाली. तिच्या हसण्यात तसूभरही काही लपवलेलं नव्हतं. याचाही मला राग आला. माणसानं थोडं तरी लपवावं, म्हणजे समोरच्याला सोबत होते.

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची), वांग्याचं भरीत आणि केळफुलाची भाजी होती. सिंधूचे यजमान वसंतराव मला आग्रह करत होते, सासूबाई सुनेच्या ताटात तूप वाढत होत्या. "खाय ना. रेती काढून पोट भरते का?" तोंडानं टोचत होत्या आणि हातानं वाढत होत्या. माझ्या खोलीवर मी स्टोव्हवर भात टाकते आणि तो बहुधा खाली लागतो. शेजारणीच्या ताटातला लाडू मोठा दिसतो म्हणतात. इथं तो खरोखरच मोठा होता.

जेवण झाल्यावर आम्ही माडीवर गेलो. आधी तिनं मला जुनी चित्रं दाखवली. उंटाचे पैलू, किल्ल्याचे पैलू, घागरींचे पैलू. माझा जीव भांड्यात पडला. ठीक होती, पण माझ्याहून बरी नव्हती. यातलं एक न्यावं, ते बाजूच्या भिंतीवर शोभेल, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

"आणि हे नवं," असं म्हणून तिनं भिंतीला टेकवलेल्या चित्रावरची चादर काढली.

दाराच्या फळीपेक्षा मोठं कापड होतं. त्यावर वाळू होती. उंट नाही, किल्ला नाही, माणूस नाही. वर अगदी कडेला आभाळाची फिकट पट्टी आणि खाली सगळी वाळू. पण ती एका जागी नव्हती. एक टेकडी होती, तिच्याआड तीच टेकडी काल जिथं होती तिथं पुसट दिसत होती, तिच्याआड परवाची. रंगाचे थर इतके पातळ, की खालचं सगळं वरून दिसावं आणि तरी हाताला लागू नये. कुठंही कड नव्हती. मी बघत राहिले आणि मला वाटलं, मी मान वळवली तर ही टेकडी सरकेल.

"पहिल्यांदा मी टेकड्यांचेही पैलू पाडले," सिंधू म्हणाली. "पत्र्यांचा ढीग पडल्यासारखं दिसायचं. मग कळलं, वाऱ्यानं टेकडी रोज हलते. तिच्या चार बाजू मी दाखवायच्या, तोवर तिची पाचवी तयार! सर म्हणायचे, वस्तूभोवती फिरा. इथं मी एका जागी बसून राहिले आणि वस्तूच फिरत होती. म्हणून मग कडा पुसायला लागले. रंग लावायचा, फडक्यानं पुसायचा, परत लावायचा. कापड इथल्या मागावरचंच आहे. खळही विणकर लावतात तीच. रंग छान पिते."

ती हे भाजी कशी केली ते सांगावं तसं सांगत होती. किटलीचा एक पैलू नीट बसावा म्हणून मी महिनोन्‌महिने घालवले होते आणि ही कडाच पुसून मोकळी झाली. घनवादाच्या पलीकडे काय, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी त्याच्या अलीकडेच छान घर करून राहिले होते.

पण मी आता वर्गातली पोर नव्हते. चारचौघांत कसं वागावं हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि कौतुकाची नुसती खैरात केली. "वा! अप्रतिम! काय रंग, काय भाव! नागपूरकर वेडे होतील बघ." किती बोलले ते आठवलं तरी आता लाज वाटते. सिंधू ऐकत होती. हळूहळू तिनं चादर परत चित्रावर घातली आणि म्हणाली, "चल, चहा घेऊ."

तिला थकवा आला असेल असं मला वाटलं.

संध्याकाळी राजघाटावर गेलो. तापीचं पात्र तिथं रुंद आहे आणि पाण्यात हत्तीच्या आकाराचा एक कोरीव खडक उभा आहे. सूर्य मावळतीला आला होता. मी खडकाकडे बघत पायऱ्या उतरत होते, शेवाळावरून पाय सटकला आणि मी कमरेपर्यंत तापीत बसले. सासूबाईंनी हात जोडले. "घ्या, नहान झालं! पुन्य लागलं तुले." सगळे हसले, मीही हसले. सिंधू मात्र नुसती ओठांनी हसली. घरी येऊन मी तिचं लुगडं नेसले तर त्याच्या काठावरही वाळूचा रंग. कुठं जावं माणसानं!

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतराव मला कुंडी भंडारा दाखवायला घेऊन गेले. सिंधू आली नाही, काम आहे म्हणाली. गावाबाहेर जमिनीत एका ओळीत विहिरींसारखी तोंडं आहेत आणि खालून भुयारानं ती एकमेकींना जोडली आहेत. सातपुड्यातलं पाणी झिरपत झिरपत त्यातून गावापर्यंत जातं. जुन्या बादशाही काळातली ही युक्ती. मी वाकून पाहिलं, खोल अंधारात पाण्याचा आवाज तेवढा होता. राखणदारानं पोहरा सोडून पाणी काढून दिलं, ते थंड आणि गोड लागलं.

"ताराबाई, एक विचारू?" वसंतराव म्हणाले. "काल तुमचं काही बोलणं झालं का? सिंधू रात्री जेवली नाही नीट."

"नाही हो. मी तर तोंडभरून स्तुती केली."

"तेच ती म्हणत होती. तारानं फार स्तुती केली, म्हणजे चित्र फसलं. आज त्याच्यावर सफेदा मारून टाकणार आहे. कापड वाया कशाला घालवायचं म्हणते. तुमच्यासाठी ते उंटाचं चित्र बांधून ठेवलं आहे. मला तर भाई, तुम्हा लोकांचं काही समजत नाही."

मला एका क्षणात सगळं समजलं. कॉलेजात सिंधूचं चित्र फसलं की मी भरभरून वाखाणायची, कारण ते मला परवडायचं. जमलं की माझी दातखीळ बसायची, नाहीतर मी खोट काढत बसायची. मला वाटायचं, हे माझं मला ठाऊक. आणि ही बया इतकी वर्षं माझ्या जळण्यावर आपली चित्रं तोलत होती! सरांपेक्षा तिचा माझ्या मत्सरावर भरवसा होता. काल मी सभ्यपणे वागले आणि तिचा काटाच मोडला.

पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. मला बरं वाटलं. मी काही केलं नव्हतं, काही करायचंही नव्हतं. उंटाचं चित्र बाजूच्या भिंतीवर, माझं समोरच्या. घरी पोचेपर्यंत सफेदा वाळलाही असता.

टांगा गावात शिरला. वसंतरावांनी विचारलं, "दराबा घ्यायचा का? इथली खास मिठाई आहे."

"घेऊ या ना. गडबड काय आहे?" मी म्हटलं.

दुकानात एक धिप्पाड हलवाई परातीत दराबा फेटत होता. भाजलेला रवा, तूप, साखर. "चव बघा बाई, एकदम ताजा आहे," असं म्हणून त्यानं माझ्या हातावर गोळा ठेवला. मी अगदी सावकाश खाल्ला. मग मावा जिलेबीची चौकशी केली. मग नुसतीच उभी राहिले. हलवायाचा हात परातीत गरगर फिरत होता. पिवळसर होतं ते तूप बघता बघता पांढरं व्हायला लागलं. आधी कडेनं, मग मध्ये. त्यात पिवळ्याची एक रेघ तेवढी उरली होती, ती त्यानं तळव्यानं आत दाबली आणि परात पांढरी झाली.

मी परातीकडे पाठ फिरवली. "चला," मी वसंतरावांना म्हटलं. ते पुडा बांधून घेत होते. "अहो, राहू दे पुडा, चला ना!"

टांगेवाल्याच्या पाठीला हात लावून मी म्हटलं, "हाक लवकर."

"अरे बाई, घोडा आहे, मोटर नाही," तो म्हणाला. तरी हाकला त्यानं.

मी जिना कसा चढले ते मला ठाऊक नाही. सिंधू खाली फरशीवर मांडी घालून तसराळ्यात सफेदा कालवत होती. चित्र समोर होतं. आभाळाच्या पट्टीवर सफेद्याचा एक रुंद हात फिरला होता. वाळूला अजून लागला नव्हता.

"थांब. चित्र चांगलं आहे," मी म्हटलं.

"काल सांगितलंस ना."

"तसं नाही गं. मला हेवा वाटतो त्याचा. खरंच जळले मी काल."

तिनं वर पाहिलं. डोळे सुजलेले होते. "ह्यांनी सांगितलं वाटतं तुला. समजूत घालू नकोस, तारा. तू जळलीस की कशी दिसतेस ते मला माहीत आहे. काल तू तशी नव्हतीस."

तिनं रुंद कुंचला उचलून तसराळ्यात बुडवला. माझं डोकं फिरलं. मी खरं बोलत होते आणि ही मला सभ्य समजत होती!

"ठेव तो कुंचला!" मी ओरडले. "काय समजतेस तू स्वतःला? ती उजवीकडची पिवळी पट्टी बघ, वाण्यानं हळद सांडल्यासारखी दिसते. खालचा कोपरा तर नुसता आळसानं सोडलाय. आणि सरांनी शिकवलं ते एका फडक्यानं पुसून टाकलंस, विचारलंस कुणाला? दोन वर्षं वाळूत बसायला मिळालं म्हणून जमलं हे. मला मिळालं असतं तर मीही..."

मी थांबले. सिंधू उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा उजळत चालला होता.

"आणखी काय?" ती म्हणाली.

"आणखी काय, आणखी काय? मीही काढलं नसतं! मला वाळवंट दिलं असतं तरी मी तिथं जाऊन किटलीच काढली असती. हे मला कधीच जमणार नाही. झालं समाधान?"

एवढं बोलून मला रडू कोसळलं. सिंधूनं सफेद्याचं तसराळं पायानं बाजूला सारलं आणि मला घट्ट धरलं. तीही रडत होती, पण ती आनंदानं रडत होती. दोघींच्या रडण्यात केवढा फरक होता, तो मला त्याही वेळी कळत होता. सासूबाई आवाज ऐकून वर आल्या. "काय झालं वं? कुनी मेलं का?" सिंधू म्हणाली, "नाही आई. चित्र झालं."

दुपारभर बसून तिनं आभाळ सारखं केलं. सफेदा ओला होता, फडक्यानं पुसून घेतल्यावर त्याची थोडी धुरकट झाक राहिली, ती तशीच ठेवली. धुळीच्या दिवसात आभाळ तसंच असतं म्हणाली. चित्र आणखी चांगलं झालं. मी काही बोलले नाही आणि ती माझ्याकडे बघून खुदकन हसली.

परतीच्या गाडीत गार्डाच्या डब्यात चित्र होतं आणि बायकांच्या डब्यात मी. केळी गेल्या, रावेर गेलं. कुणाचंही न ऐकता रडून घेतल्यावर येतो तसा हलकेपणा आला होता. तो भुसावळपर्यंत टिकला.

नागपूरला समोरची भिंत सिंधूला मिळाली. मीच मंडळाला तसं सांगितलं, कारण माझ्या नजरेवर त्यांचा विश्वास होता. माझी किटली बाजूला, पाण्याच्या माठाजवळ लागली. उद्घाटनाला सिंधू आणि वसंतराव आले होते. तिच्या चित्रापुढे गर्दी होती. ती गर्दी सोडून सिंधू सरळ माझ्या चित्राकडे आली आणि बराच वेळ पाहत राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. गप्प राहा, मी मनात म्हणत होते. काहीतरी खोट काढ गं.

तिनं माझा हात हातात घेतला. "फार सुंदर झालंय, तारा," ती म्हणाली. "काय रंग आहेत! मनापासून सांगते, फारच सुंदर."

आता अकोल्याला परत आले आहे. शाळा सुरू झाली, मुली कलश काढत आहेत. लोक विचारतात, बऱ्हाणपूर कसं आहे? मी सांगते, नदी मोठी आहे, दराबा चांगला मिळतो, कुंडी भंडारा जरूर पाहा. खोलीवर आले की मात्र कोऱ्या कापडासमोर बसते. मला आता समोरची भिंत नको आहे. एकदा तरी सिंधू माझ्या चित्रापुढे उभी राहावी आणि तिला एक शब्द सुचू नये.